वेलीचा विसावा

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, आमच्या निफाड तालुक्यातल्या बागेत फळछाटणी चालू असताना, माझी पुतणी ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती आणि ऑस्ट्रेलिया सरकारच्या एका सोडतीत नाव नोंदवत होती. पासपोर्ट, पॅन कार्ड आणि २५ ऑस्ट्रेलियन डॉलर एवढ्यावर ती नोंदणी होत होती. समोर सुरगाण्याहून आलेली मजुरांची टोळी काड्या छाटत पुढे सरकत होती आणि तिच्या मागोमाग दोन बायका काड्यांच्या डोळ्यांवर पेस्ट लावत चालल्या होत्या. तिचे वडील, माझे दीर, बांधावर उभे राहून दोन्हीकडे पाहत होते. कसला अर्ज भरतेस, असे त्यांनी विचारले तेव्हा ती म्हणाली, "वर्किंग हॉलिडे व्हिसा, अण्णा. वर्षभर तिकडे राहायचं, फिरायचं आणि फिरण्यापुरतं काम करायचं." कसले काम, या प्रश्नावर ती थोडी थांबली. मग म्हणाली, "मिळेल ते. बहुतेक द्राक्षं तोडायची."

अण्णा काही बोलले नाहीत. ते बांधावरून उतरून टोळीकडे निघून गेले. आमच्या घरात द्राक्षे तीन पिढ्यांपासून आहेत, परंतु घरातल्या मुलीने मजुराच्या रांगेत उभे राहून कात्री चालवल्याचे कोणाला आठवत नाही. शिकलेली मुलगी बागेत जाते ती पाहुण्यांना बाग दाखवायला. तिला पदवीपर्यंत शिकवले ते हे काम तिच्या हाताला लागू नये म्हणूनच, असे तिच्या आईवडिलांना मनापासून वाटत होते, आणि त्यात त्यांचे काही चुकत होते असे मी म्हणणार नाही.

त्या रात्री मी या व्हिसाचे नियम पहिल्यांदा नीट वाचले. वय १८ ते ३०. सोबत अवलंबून असणारी मुले न्यायची नाहीत. शालेय शिक्षणानंतर किमान दोन वर्षांचे शिक्षण झालेले हवे, व्यवहारापुरते इंग्रजी यायला हवे, आणि परतीच्या तिकिटाखेरीज सुमारे ५,००० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने पावणेतीन लाखांच्या आसपास रुपये, गाठीला असले पाहिजेत. मुक्काम बारा महिन्यांचा. एका मालकाकडे सहा महिन्यांहून अधिक काम करायचे नाही आणि चार महिन्यांहून अधिक काळ शिक्षण घ्यायचे नाही. कायद्याची भाषा कोरडी असते, पण हे कलम वाचताना मला त्यात एका वयाचे वर्णन दिसू लागले. नोकरीत रुजू नका, वर्गात अडकू नका, संसार मांडू नका, पुढच्या गावाला चला, असे एखादे सरकार कागदोपत्री सांगते आणि त्यासाठी वर्षभराची मुभा देते, हे मला त्या रात्री फार नवलाचे वाटले.

ऑस्ट्रेलियात ही पद्धत १९७५ मध्ये ब्रिटन, आयर्लंड आणि कॅनडा या तीन देशांतील तरुणांसाठी सुरू झाली. पुढे देशांची संख्या वाढत चाळिशीपलीकडे गेली, तरी भारत बाहेरच राहिला होता. २ एप्रिल २०२२ रोजी भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात जो व्यापार करार झाला, त्यात वस्तूंच्या आयातशुल्काच्या लांबलचक याद्यांबरोबर हेही एक वचन होते: दरवर्षी १,००० भारतीय तरुणांना हा व्हिसा. तो प्रत्यक्षात येण्यास २०२४ उजाडले. पहिल्या नोंदणीसाठी ऑक्टोबरचा एक महिना ठेवला होता आणि पहिल्या दोन आठवड्यांतच सुमारे ४०,००० जणांनी नावे दिली. हजार जागांसाठी चाळीस हजार नावे, आणि महिना अजून अर्धा शिल्लक! हा आकडा वर्तमानपत्रात वाचला तेव्हा माझ्या मनात प्रश्न आला तो असा, की यांतल्या किती जणांच्या घरी आमच्या घरासारखी संध्याकाळ गेली असेल.

सोडत संगणक काढतो. तिच्यात गुणवत्ता, ओळख किंवा पैसा यांपैकी कशालाच शिरकाव नाही. तरीही पुतणीच्या एका मैत्रिणीकडून नाशिकमधल्या एका सल्लागाराने "हमखास निवड" म्हणून काही हजार रुपये घेतले आणि ते परत मिळाले नाहीत. तरुणांना एवढेच कळकळीने सांगावेसे वाटते की नोंदणी आपल्या हाताने करावी आणि फक्त सरकारी संकेतस्थळावर करावी; जिथे चिठ्ठी निघते तिथे मध्यस्थाला विकण्यासारखे काहीच नसते.

या विषयात माझा स्वतःचा एक जुना सल आहे. मी १९७८ ची. माझ्या विशीत ब्रिटनची अशीच एक योजना होती, राष्ट्रकुलातील तरुणांसाठी, दोन वर्षांची, आणि भारतीय नागरिक तिला पात्र होते. सुरुवातीला वयाची अट १७ ते २७ होती, २००३ पासून ती ३० पर्यंत वाढली. २००८ च्या नोव्हेंबरात ती योजना बंद झाली आणि तिच्या जागी जी नवी आली तिच्यात भारताचे नाव नव्हते. ती बंद झाली तेव्हा मी तीस वर्षांची होते, पदरात दोन वर्षांचा मुलगा होता, आणि अशी काही योजना होती हेच मला ती संपल्यानंतर कित्येक वर्षांनी समजले. आमच्या गावात परदेश म्हणजे दोनच वाटा माहीत होत्या: कर्ज काढून शिक्षण किंवा कंपनीने पाठवले तर नोकरी. दोन्ही वाटांच्या शेवटी तिकडेच स्थायिक होणे हे गृहीत असे, आणि परत आलेल्या माणसाकडे लोक काहीतरी फसले असावे अशा नजरेने पाहत. जाऊन, राहून, राबून, पाहून परत येणे अशी तिसरी वाट असू शकते, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. देशाटनाने शहाणपण येते हे मात्र शाळेत सगळ्यांकडून पाठ करून घेतले होते.

ब्रिटनने २०२३ च्या फेब्रुवारीत भारतीयांसाठी पुन्हा दार उघडले. वर्षाला ३,००० जागा, मुदत दोन वर्षे, वय १८ ते ३०. तिथेही सोडतच आहे. ती मोफत असते, वर्षातून साधारण दोनदा निघते आणि जेमतेम दोन दिवस उघडी राहते. २०२४ च्या जुलैमध्ये पुतणीने तिथेही नाव दिले होते, ते निघाले नाही. निघाले असते तर बँकेत २,५३० पौंड दाखवावे लागले असते आणि दोन वर्षांचा आरोग्य अधिभार म्हणून १,५५२ पौंड वेगळे भरावे लागले असते. त्या योजनेला पदवी लागते आणि तिच्या नावातच 'यंग प्रोफेशनल्स' असे शब्द आहेत. जाणारा बहुधा आपल्या क्षेत्रातली नोकरी शोधायला जातो आणि दोन वर्षांत ती पक्की कशी करता येईल याच्या विवंचनेत राहतो. त्याचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु दोन्ही नियमावल्या शेजारी ठेवून वाचल्यावर माझे मन ऑस्ट्रेलियाच्या बाजूने झुकले, कारण तिच्यात सुट्टीला सुट्टी म्हटले आहे.

तिचे नाव निघाले. निवडीची ईमेल आल्यावर अर्ज करायला २८ दिवस मिळतात. शुल्क तेव्हा ६५० डॉलर होते. त्या २८ दिवसांत घरात जेवढे बोलणे झाले तेवढे एरवी वर्षभरात होत नाही. जाऊबाईंची भीती तिच्या एकटेपणाची होती आणि ती निराधार नव्हती. क्वीन्सलँडमधल्या चिल्डर्स या गावी २३ जून २००० रोजी फळतोडणीला आलेल्या तरुणांच्या एका जुन्या वसतिगृहाला आग लावली गेली आणि पंधरा मुलेमुली मेली. हे मी वाचले होते आणि त्यांना सांगितले नव्हते. पुतणीला मात्र सांगितले. राहण्याची जागा निवडताना बाहेर पडायचे दार आणि खिडक्या आधी पाहायच्या, एवढे वचन तिच्याकडून घेतले. लग्नाचे वय निघून जाईल, हा दुसरा मुद्दा. त्याला तिने शांतपणे उत्तर दिले, की एका वर्षाने जे स्थळ निघून जाईल ते जाऊच द्यावे.

अण्णांचा मुद्दा वेगळाच होता आणि तो त्यांनी एकदाच मांडला. "आपल्या बागेत मजूर मिळत नाहीत म्हणून मी गिरणाऱ्याच्या मजुरांच्या नाक्यावर पहाटे जाऊन उभा राहतो. आणि माझी मुलगी दुसऱ्याच्या बागेत मजुरीला जाणार?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही पुरते नाही. मी एवढेच म्हणाले की भाऊजी, तिला जाऊ द्या, आल्यावर तीच सांगेल.

२०२५ च्या जानेवारीअखेरीस ती मेलबर्नला उतरली आणि आठवडाभराने तिथून सुमारे साडेपाचशे किलोमीटरवरच्या मिल्ड्युराला गेली. मरे नदीकाठचे हे गाव ऑस्ट्रेलियातल्या खाण्याच्या द्राक्षांचे मोठे केंद्र आहे. १८८७ मध्ये कॅलिफोर्नियाहून आलेल्या कॅनेडियन चॅफी बंधूंनी नदीचे पाणी पंपाने उचलून त्या रखरखीत माळावर वसाहत उभी केली. बेदाण्याच्या 'सुलताना' द्राक्षावर ती जगली. हा सुलताना म्हणजे आमचा थॉमसन. एकच वाण, दोन नावे. फोनवर तिने पहिल्याच दिवशी अण्णांना हे सांगितले आणि त्या वाक्यानंतर, माझ्या आठवणीप्रमाणे, त्यांनी पहिल्यांदा आपणहून तिला प्रश्न विचारला: "तिथं साखर किती उतरते?"

काम पहाटे उजाडताच सुरू होई, कारण दुपारी पारा चाळिशीला टेकत असे. देठ धरून घड कापायचा, मण्यांवरचा पांढरट थर बोटांनी पुसायचा नाही, खराब मणी कात्रीच्या टोकाने काढायचे आणि पेटी भरायची. लहानपणापासून पाहिलेले सगळे तिला येत असेल अशी तिची समजूत होती. पहिल्या दिवशी सोबतच्या तैवानी मुलीच्या निम्म्याही पेट्या तिच्या झाल्या नाहीत. पाहणे आणि करणे यांतले हे अंतर तिने फोनवर रडत सांगितले, आणि मला वाटते ते रडणे त्या वर्षातले सगळ्यांत मोलाचे होते. आम्ही सगळे बागेचे मालक आहोत, बागेचे जाणकार आहोत. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत मान वर करून घड तोडल्यावर खांद्याचे काय होते हे आमच्यापैकी कोणालाही माहीत नव्हते. आता एकीला माहीत झाले.

तिच्या पहिल्या ठेकेदाराने दोन आठवडे पगाराची पावती दिली नाही आणि खोलीचे भाडे मनाला येईल तसे कापले. इथे तिला कायद्याचा आधार झाला. ऑस्ट्रेलियात फळतोडणी पूर्वी निव्वळ उक्ती असे, पेटीमागे पैसे, आणि नवख्या माणसाची दिवसभराची कमाई काही वेळा नाश्त्यापुरती होई. २८ एप्रिल २०२२ पासून नियम बदलला: उक्ते काम दिले तरी तासाच्या किमान वेतनाहून कमी देता येत नाही. १ जुलै २०२४ पासून देशाचे किमान वेतन तासाला २४.१० डॉलर होते आणि कायम नसलेल्या कामगाराला त्यावर पंचवीस टक्के जास्त. तिने कामाच्या तासांची नोंद वहीत ठेवली होती. ती वही दाखवून तिने फरक मागितला, तो अर्धामुर्धा मिळाला, आणि तिने ते काम सोडून दुसरी बाग धरली. सोडता आले, हे ती वारंवार सांगते. तिच्याजवळ पैसे होते, परतीचे तिकीट होते आणि घरी कोणी तिच्या कमाईवर अवलंबून नव्हते.

दुसऱ्या बागेत टोंगा बेटांवरून आलेल्या बायका होत्या. त्याही सरकारी योजनेवरच आलेल्या, पण ती पॅसिफिक बेटांतल्या कामगारांची योजना. तिच्यात वर्किंग आहे, हॉलिडे नाही. हंगामाचे काही महिने ठरलेल्या मालकाकडे राबायचे, पैसे घरी पाठवायचे आणि मुलांना व्हिडिओ कॉलवर वाढताना पाहायचे. त्यांचा हात पुतणीपेक्षा दुप्पट वेगाने चाले. एकीने तिला पेटीत घड कसे रचायचे ते शिकवले आणि रविवारी चर्चनंतर जेवायला नेले. "काकू, एकाच ओळीत आम्ही दोघी उभ्या असतो, पण मी उद्या समुद्र बघायला जाऊ शकते आणि ती जाऊ शकत नाही," असे ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "आपल्या बागेतल्या बायका पण नाही जाऊ शकत." सुरगाणा ते निफाड हे अंतर शंभर किलोमीटरच्या आत आहे, त्याला पासपोर्ट लागत नाही. उचल घेतलेली असते, पोरे बरोबर असतात, बागेच्या कडेला पाल ठोकलेले असते. वीस वर्षे मी त्या पालांवरून जात-येत होते. माझ्या पुतणीला ती दिसण्यासाठी मिल्ड्युराला जावे लागले आणि मला तिच्या फोनची वाट पाहावी लागली, हे लिहिताना मला वाईट वाटते, पण ते खरे आहे.

पैशाचे सांगायचे तर फार उरत नाही. या व्हिसावरच्या कमाईला पहिल्या डॉलरपासून पंधरा टक्के कर आहे, ४५,००० डॉलरपर्यंत. आणि मालक भविष्य निर्वाहासाठी जी रक्कम भरतो, ती देश सोडताना मागितली तर तिच्यातले पासष्ट टक्के करात जातात. यावर तिथले तरुण चिडतात, आणि मला स्वतःला हा पासष्टचा दर अन्यायाचाच वाटतो. कर्ज फेडायला किंवा घर बांधायला हा व्हिसा घेऊ नये.

मेमध्ये तोडणी संपली. काही आठवडे ती भटकली: समुद्र पाहिला, ॲडलेडच्या बाजाराजवळच्या एका उपाहारगृहात भांडी घासली. जूनअखेरीस छाटणीसाठी परत मिल्ड्युराला आली. तेव्हाचा तिचा फोन मला शब्दशः आठवतो. पहाटे धुके होते, वेलींवर एकही पान नव्हते, नुसती खोडे आणि तारा. "काकू, इथल्या वेली झोपल्यात," ती म्हणाली. मग तिने तो फोन अण्णांकडे द्यायला सांगितले.

द्राक्षाची वेल मुळात समशीतोष्ण प्रदेशातली. हिवाळ्यात पाने गाळून तिने निजावे आणि वसंतात आपणहून डोळे फोडावेत, हा तिचा धर्म. आमच्या हवामानात तिला ती झोप मिळत नाही. आम्ही एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करतो, आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांवर पेस्ट लावतो. वेल बारा महिने हिरवी राहते आणि बारा महिने कामावर असते. त्यावर आमचे पोट आहे. मी त्याला नावे ठेवत नाही. पण त्या फोननंतर कितीतरी दिवस मला आमच्या घरातली मुले आठवत राहिली: दहावी, बारावी, सीईटी, पदवी, कॅम्पस, लग्न. एक छाटणी झाली की लगेच पेस्ट. माझा मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे आणि नीटच्या अभ्यासाने त्याचे डोळे लाल झालेले असतात. त्याला एखादे वर्ष पानगळीचे मिळावे असे मला वाटते, आणि ते कसे मागावे हे मला समजत नाही, कारण मोकळे वर्ष म्हणजे वाया गेलेले वर्ष हे माझ्याही हाडात मुरलेले आहे. ऑस्ट्रेलियाचा तो व्हिसा हजार मुलांना ते वर्ष कायद्याने देतो. उरलेल्यांना ते घरातच कोणीतरी द्यावे लागेल.

अण्णांनी त्या दिवशी तिच्याकडून छाटणीचा व्हिडिओ मागवून घेतला. तिकडे काडी लांब राखतात आणि तारेवर गुंडाळून बांधतात. ते त्यांनी तीनदा पाहिले. "हात बसलाय तिचा," एवढेच ते म्हणाले आणि फोन मला परत दिला.

यंदाच्या जानेवारीत ती परत आली. मिल्ड्युरात प्रत्येकीच्या पेटीवर तिच्या क्रमांकाची चिठ्ठी असे, त्यामुळे कोणी किती भरल्या यावर वाद होत नसे. आमच्याकडे क्रेटचा हिशेब मुकादमाच्या तोंडी असतो. तोडणी सुरू झाली तेव्हा तिने शेडच्या खांबाला एक वही टांगली. ज्यांना लिहिता येत नाही त्या बायका क्रेट ठेवला की स्वतः रेघ ओढतात. मुकादम दोन दिवस नाराज होता. अण्णा त्या वहीविषयी काही बोलले नाहीत, पण पहिली वही भरत आली तेव्हा तालुक्याहून दुसरी त्यांनीच आणली.

ठरावीक भागांत ठरावीक कामे, शेतीचीही त्यांत येतात, तीन महिने, म्हणजे अठ्ठ्याऐंशी दिवस, केली तर या व्हिसाचे दुसरे वर्ष मागता येते. त्यासाठी पुन्हा सोडतीत उतरावे लागत नाही. तिचे तोडणीचे आणि छाटणीचे दिवस मिळून अठ्ठ्याऐंशीच्या वर भरतात. अर्ज करायचा की नाही, हे तिने अजून ठरवलेले नाही आणि आम्ही विचारत नाही. पगाराच्या सगळ्या पावत्या तिने तारखेप्रमाणे लावून ठेवल्या आहेत, कपाटात, सातबाऱ्याच्या फायलीशेजारी. ती जागा अण्णांनी करून दिली.